सहावा मासा

"टाकी केवढी आहे?" माशांच्या दुकानात वाइनोने जाळी हातात घेत विचारलं.

"दहा गॅलन," जोलीन म्हणाली. तिसऱ्या बुधवारीही तिला ते सहज म्हणता आलं.

वाइनोने जाळी परत खिळ्याला अडकवली. "दहा गॅलनमधून तीन आठवड्यांत तीन मासे नाहीसे होत नाहीत, पोरी. फोटो दाखव."

तिने घड्याळाकडे पाहिलं. अडीच. सव्वातीनला शाळेची बस दारात येणार होती. नाइलाजाने तिने फोन पुढे केला.

फोटोत टाकीशेजारी कॉफीचा कप होता. वाइनोने चष्मा कपाळावर चढवला. "हा कप आहे की बादली?"

"अडीच गॅलन," ती पुटपुटली.

"अडीचमध्ये सहा टेट्रा! म्हणजे आमच्या सौनात, त्या वाफेच्या खोलीत, अख्खा गाव कोंबायचा, आणि वरून दार लावून घ्यायचं." त्याने काउंटरवर बोट आपटलं. "एक फायटर मासा घेऊन जा. एकटा, राजासारखा राहील. नाहीतर पाच-सहा बारक्या कोळंब्या आणि एक गोगलगाय. हे टेट्रा दिसतात नखाएवढे, पण जात थव्याने पळणारी. त्यांना लांबी लागते. गेल्या महिन्यात तिसरीची पोरं दुकान बघायला आली होती. त्यांना एकदा सांगितलं तर कळलं!"

"मला सहाच पाहिजेत."

"का, पाचांनी काय घोडं मारलंय?"

जोलीनने हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"रॉयने आणले होते ते," ती शेवटी म्हणाली. "ऑक्टोबरमध्ये, टिलीच्या वाढदिवसाला. सहा."

वाइनोचं बोट थांबलं. डिसेंबरमध्ये तळ्यावरचा बर्फ फुटून तिचा नवरा रॉय बुडाला, हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं.

"तेव्हापासून रोज झोपताना मोजते ती. दोन आठवडे कुणाशी बोलत नव्हती, पण मोजायची. सहा झाले की डोळे मिटायची. एक जरी कमी दिसला ना, तर मोडून पडेल."

"आणि अजून तिला पत्ता नाही?"

"मंगळवारी तिचा वाचनवर्ग असतो, इथेच, शेजारच्या वाचनालयात. दमून येते आणि न मोजताच झोपते. तेवढी एक रात्र मिळते मला."

"मेलेला मासा दिसतो तरी का?"

"कधीच नाही. दगडाखाली बघितलं, फिल्टर उघडून बघितला. जातो कुठे कोण जाणे."

वाइनोने हनुवटी खाजवली. मग मागच्या हिरव्या टबाकडे वळला. लोकांना नकोसे झालेले मासे तिथे आणून सोडायचे. दुकानाचा नियमच होता तो, कुणाला काही विचारायचं नाही.

"ही जात मी मागवत नाही आता. टबात एक आहे म्हणून देतोय. काल आलेला दिसतो. मंगळवारी माझी बहीण बसते, काय येतं नि काय जातं तिलाच ठाऊक." त्याने पिशवीत मासा सोडून गाठ मारली. "पण हा शेवटचा. पोरीला एकदा खरं सांग. पोरं आपण समजतो तितकी काचेची नसतात."

"तुम्हाला मुलं आहेत?"

"नाही."

"मग असू दे," म्हणत तिने पिशवी उचलली.

बाहेर उणे अठरा अंश थंडी होती. पिशवी कोटाच्या आत, थेट पोटाशी धरून ती गाडीपर्यंत गेली. टिलीच्या वेळी शेवटच्या महिन्यात अशीच चालायची ती, एक हात पोटावर ठेवून, पाय जपून टाकत. गाडी दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. पुलावर बर्फ काढणारा ट्रक आडवा आला आणि सहा मिनिटं गेली.

घरी पोचली तेव्हा तीनला पाच कमी होते. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली. पंधरा मिनिटं, कमी नाही. पाण्याचा गारठा एकदम बसला तर मासा जागीच जाईल. ती ओट्याशी उभी राहून वाट बघू लागली. निथळणीवर टिलीचा थर्मास पालथा होता. मंगळवारी तिला सूप नको असायचं, नुसतं कोमट पाणी. ते भरायची तीच आणि आल्यावर धुवायचीही तीच. तिसरीतच शहाणी झाली होती पोर, तीन महिन्यांत.

रस्त्यावर ब्रेकचा आवाज आला.

जोलीनने गाठ सोडली. केशरी ठिणगी पाण्यात निसटली, घाबरून कोपऱ्यात गेली आणि मग थव्यात मिसळली. शेपटीला एक इवलीशी खाच होती. हरवलेल्याच्याही होती. जणू रॉयनेच निवडून पाठवला होता. तिने पिशवी कचऱ्यात दाबली आणि ओले हात स्वेटरला पुसले.

दार उघडलं. टिली बूट काढून तशीच टाकीपाशी गेली.

"एक, दोन, तीन..." जोलीन सिंकचा नळ न सोडता ऐकत होती. "चार, पाच..." मग बराच वेळ काहीच नाही.

"सहा," टिली म्हणाली.

"सहाच असणार ना, वेडाबाई!" जोलीनचा आवाज जरा जास्तच मोठा आला.

"हो, आई. सहाच आहेत."

जोलीनने डोळे मिटून श्वास सोडला. मग दूध गरम केलं आणि कप घेऊन दारापर्यंत गेली. टिली काचेला नाक लावून बसली होती आणि खाचवाल्या माशाशी अगदी हळू बोलत होती.

"तू परत कसा आलास रे? थांब, मंगळवारी थर्मासमधून पुन्हा मोठ्या टबात सोडते तुला. पण आईला कळू द्यायचं नाही हं, एक जरी कमी दिसला ना, तर ती मोडून पडेल."