तावून सुलाखलेल्या पेशी

“मेल्यांनो, मरायला काय धाड भरलीय तुम्हाला?”

कुरलाय सूक्ष्मदर्शकावर ओणवी होऊन पेशींना दरडावत होती. अल्माटीतल्या या प्रयोगशाळेत उभा जन्म काढल्यावर माणूस पेशींशी बोलायला लागणारच. आधी तिने त्यांना उपाशी ठेवलं, मग ताप दिला. निम्म्या मेल्या. उरलेल्या मात्र चांगल्या गुटगुटीत झाल्या होत्या आणि आता औषधालाही जुमानत नव्हत्या.

त्यातली मेख तिला ठाऊक होती. संकट आलं की पेशी वाढणं थांबवते आणि राखणदार प्रथिनं तयार करते. ती मोडलेलं सावरतात. थोडा छळ सोसलेली पेशी मग मोठ्या छळालाही पुरून उरते. कुरलायची आजी मोठ्या दुष्काळातून जगली होती. मरेपर्यंत तिच्या खिशात वाळक्या पावाचा तुकडा असायचा. या पेशीही त्याच जातीच्या. फक्त त्या कुरलायच्या नवऱ्याच्या पोटातल्या होत्या. त्या जगल्या, तर तोलेगेन जगणार नव्हता.

खरं तर पोट तिचंच दुखत होतं, आणि ती ते अंगावर काढत होती. “तू तपासून घे, मग मीही घेतो,” असं म्हणत तोलेगेनने तिला भाच्याच्या इस्पितळात नेलं. भाचा येर्मेक नावाजलेला सर्जन. त्याने दोघांच्याही पोटात एकाच सकाळी नळी घालून पाहिलं. तिचा अल्सर निघाला. येर्मेकने तो कापून काढला, टाके घातले आणि वर गोळ्या दिल्या. तोलेगेनचा कर्करोग निघाला. हृदय कमजोर म्हणून त्याची शस्त्रक्रिया होणार नव्हती, नुसत्या गोळ्याच.

आमच्याकडे रोग्याला असलं नाव कुणी सांगत नाही. पोटाला थंडी बाधली म्हणायचं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायचं. येर्मेकने मात्र मामाच्या तोंडावर सांगितलं, तेही मामीच्या देखत.

“बरं केलंस. माझ्या घरात लपवाछपवी नको,” कुरलाय त्याला म्हणाली, आणि लगेच नवऱ्याच्या पेशी मागितल्या. येर्मेक चाचरला.

“देऊन टाक तिला,” तोलेगेन म्हणाला. “ही बाई स्वतःसाठी बोट हलवायची नाही. माझ्यासाठी अख्खा अलाताऊ डोंगर उकरून काढेल.”

रविवारी तोलेगेनची थोरली बहीण झेनेप तराझहून विचारपूस करायला आली. तिने आणलेल्या घोड्याच्या मांसातला सगळ्यात चरबीदार तुकडा कुरलायच्या ताटात पडला.

“आधी तू खा गं बाई.”

“वन्सं, आजारी माणूस तिकडे बसलाय!”

“तो खातोय की.”

खरंच, तोलेगेन ताट साफ करत होता.

“रोगी कसला, लांडगा आहे नुसता,” कुरलाय हसली, आणि डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेली. मरणाच्या दारात माणसाने इतकं धीराने वागावं, हे तिला सोसत नव्हतं. मागोमाग तो पाणी घेऊन आला.

“तुझी गोळी.”

“ढवळतं मला त्या गोळीनं. तुम्ही तुमचं बघा.”

“घे आधी.”

ती गिळेपर्यंत तो तिथून हलला नाही.

आज तिने एका बशीत राखणदार प्रथिनांचंच काम बंद पाडलं होतं आणि मग येर्मेकने तोलेगेनसाठी लिहिलेलं औषध घातलं होतं. दुपारी तिने ती बशी पाहिली. सगळ्या पेशी मेल्या होत्या. पुन्हा पाहिली. कुरलाय स्टुलावर बसून पोरीसारखी रडली. तोलेगेन वाचू शकत होता.

येर्मेकला दाखवायला चित्रं हवी होती. म्हणून तिने औषध न दिलेल्या पेशी रंगवून काचेवर घेतल्या. तिला लग्नाआधीचा दिवस आठवला. इथेच तिने तोलेगेनला दोघांच्या गालांतल्या पेशी दाखवल्या होत्या. बाईच्या पेशीत केंद्रकाच्या कडेला एक काळा ठिपका असतो, पुरुषाच्या नसतो. “म्हणजे तुम्हा बायकांना तिथेही तीळ!” तो म्हणाला होता, आणि त्याच दिवशी त्याने लग्नाचं विचारलं होतं.

हसतच तिने डोळा लावला.

केंद्रकाच्या कडेला तीळ होता. शेजारच्या पेशीतही. त्याच्या पलीकडच्याही. भलतीच काच घेतली की काय, म्हणून तिने चिठ्ठी पाहिली. अक्षर तिचंच, नाव तोलेगेनचं. तिने नवी काच रंगवली. तीळ होताच.

तिचा हात पोटावरच्या टाक्यांवर गेला. दुसऱ्या हाताने तिने घरी फोन लावला.

“त्या पेशी कुणाच्या आहेत?”

पलीकडे चहाची किटली फुसफुसत होती.

“कुरलाय,” तोलेगेन म्हणाला, “आजची गोळी घेतलीस ना?”