वाडीत गेलेला चेंडू

सुदर्शनने कॉम्प्युटरवरच्या खेळात एक वेगळा इतिहास रचला होता. त्यात डहाणूला क्रिकेट कधी आलंच नाही, गावोगाव बेसबॉलच खेळतात. यंदाच्या मोसमाचे सामने कॉम्प्युटर आपला आपणच खेळायचा. सुदर्शन नुसता वाचायचा.

दुपारी ओळ उमटली : ‘कोसबाड संघाचा फटका मैदानाबाहेर. चेंडू चिकूच्या वाडीत हरवला.’

तो चमकला. वाडी त्याने खेळात कुठे घातलीच नव्हती.

तेवढ्यात त्याची बायको वासंती घरामागच्या वाडीतून आली. तिने चिकू उतरवायची जाळी पडवीत उलटी केली, तर चिकूंबरोबर बेसबॉलचा पांढरा चेंडू घरंगळला. लाल टाक्यांचा, हाताला अजून गरम.

“मुक्ता कुठाय?”

“वाडीतच. खाली पडलेले चिकू वेचतेय.”

पडद्यावर पुढची ओळ आली : ‘सामना थांबला. खेळाडू चेंडू शोधायला वाडीत शिरला.’

सुदर्शन चेंडू घेऊन मागच्या दारी धावला. “मुक्ता!”

लेकीची ओ आली नाही. त्याने जीव खाऊन चेंडू झाडांत भिरकावला. “घ्या तुमचा चेंडू!”

चेंडू जमिनीवर पडला नाही. आत कुणीतरी तो थाडकन झेलला.

“अहो,” घरातून, पडद्यासमोरून वासंतीचा आवाज आला, “सामना सुरू झाला. कोसबाडकडून आता मुक्ता खेळतेय.”