रांजणातली मेणबत्ती

काखेती प्रांतातल्या आमच्या अंगणात, द्राक्षमळा पाहून आलेले परदेशी पाहुणे लाल वाइनचा तिसरा पेला चाखत होते. आत आमच्या चार वर्षांच्या लेकीच्या, नुत्साच्या, हातून सुरई फुटली आणि माझ्या नवऱ्याने, गोचाने, तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

"पाहुणे जाऊ देत, आज संपवतोच कार्टीला!"

पाहुण्यांना दाखवायचा, कोठारात जमिनीत पुरलेला माणूसभर खोल वाइनचा रांजण आत उतरून घासायचा राहिला होता. रांजणात विषारी वायू साठतो, म्हणून सासूबाई आधी दोरीने पेटती मेणबत्ती आत सोडतात; विझली तर कुणी उतरायचं नाही.

"आई, पेटतीये ना गं?" बूट काढता काढता गोचाने कोठाराच्या दारातून विचारलं.

माझ्या कडेवरच्या नुत्साच्या कानातून रक्त ओघळत होतं. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि विझलेली मेणबत्ती हळूच वर ओढून घेतली.


"पेटतीये, बाळा. उतर."