उरलेला डाव

लेक राहून शिकत होती त्या प्रबोधिनीतून सकाळीच निरोप आला. 'मृण्मयीच्या मेंदूची वर्षभराची नोंद तपासली. बुद्धिबळाचा प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेला काडीचाही उपयोग होत नाही. यापुढे नवा डाव नाही. कालचा अर्धवट राहिलेला तेवढा पुरा करा.'

सांगलीतल्या रिकाम्या घरात दिगंबररावांनी तो पुन्हा पुन्हा वाचला. स्पर्धेला अजून तीन वर्षं होती. तोवर सरावाला उपयोगी नसलेल्या माणसाशी मुलांना बोलू देत नसत. बायको गेल्यापासून लेकीचा आवाज ऐकायला तो रोजचा अर्ध्या तासाचा डावच काय तो होता.

संध्याकाळी पडद्यावर पट उघडला. त्यांचा वजीर एका चालीत मात देत होता. त्यांनी कोपऱ्यातलं प्यादं एक घर पुढे सरकवलं.

पलीकडून मृण्मयीचा आवाज आला.

"बाबा, मात दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली गं."

मृण्मयीने आपला घोडा उगाचच मागे नेला. अशाच चालींत अर्धा तास सरला.

"वेळ संपला, बाबा," ती हळूच म्हणाली. "उरलेला डाव उद्या."

पडदा विझला. घर पुन्हा गप्प झालं. उद्या कोणती चाल चुकवायची, याचा विचार करत दिगंबरराव तिथेच बसून राहिले.