पोचपावती

जुने लेख ग्रंथालयांतून शोधून घरपोच देणं हा माझा धंदा. यशोधरा सबनीस या आजींचा शेवाळावरचा शोधनिबंध मात्र कुठल्याच सूचीत सापडेना.

"आईला भास होतात, नाद सोडा," त्यांचा मुलगा हसत म्हणाला.

माझं डोकं सणकलं. मी थेट आजींनाच फोन लावला. "आजी, निबंध लग्नाआधीचा का?"

"हो गं. सासरी नाव बदललं. तेव्हा मी द्वारका टिपणीस."

हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं! दुसऱ्या दिवशी निबंध मिळाला. प्रत घेऊन मी स्वतः गेले. आजींनी पहिलं पान घरभर ऐकू जाईल असं वाचलं.

पोचपावतीवर सही करायला मुलगा पुढे आला. आजींनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘द्वारका टिपणीस.’