रंगीत तालीम

"कॅमेऱ्याचा प्रोग्राम रेकॉर्डिंगसकट मुळापासून उपट," म्हणत जालिंदरने पाइप हाणला, आणि टेबलावर दाबून धरलेला शलाकाचा डावा हात मोडला. खडी क्रशरच्या याच केबिनमध्ये मघाशी त्याने ड्रायव्हरचं डोकं फोडून त्याला संपवलं, ते सगळं कॅमेऱ्यात आलं होतं. कॉम्प्युटरच फोडावा, तर मालकाचा वजनकाटा त्यावरच चालायचा.

त्या लिनक्स मशीनवरचा प्रत्येक प्रोग्राम शलाकाने स्वतः सोर्स कोडपासून घडवला होता. अपडेट करताना ती नेहमी आधी रंगीत तालीम घ्यायची: आदेशाला एक 'पी' जोडला, की काय निघेल, काय बसेल हे मशीन नुसतं दाखवतं, प्रत्यक्षात कशालाही हात लावत नाही.

तिने उजव्या हाताने प्रोग्राम काढायचा आदेश दिला आणि गुपचूप 'पी' जोडला. पडद्यावर नावं सरसर उतरली. जालिंदर ओठ हलवत वाचत होता.

"गेला?"

"गेला, भाऊ."

"मग आता साक्षीला तूच उरलीस." त्याने निवांतपणे बाह्या सावरल्या, पाइप उचलला.

शलाका खुर्चीसकट जराशी बाजूला सरकली. त्याचा चेहरा कॅमेऱ्यात नीट यायला हवा होता.