आवाज आला की बटण दाबा

"अहो ताई, मी अजून आवाज सोडलाच नाहीये," कान तपासणारी मुलगी हेडफोनमधून म्हणाली. "तुम्ही बटण कशाला दाबताय?"

"येतोय ना पण."

"कसला?"

"शिट्टीसारखा. बारीक."

"तो तुमचा. माझा आला की दाबायचं."

तुमचा म्हणे! जसा काही हौसेने आणलाय. ती त्या कपाटाएवढ्या खोलीत ताठ बसली. भिंतींना जाड फोम, दाराला रबराची पट्टी, समोर एक काच. बाहेरचं काही आत येत नव्हतं, त्यामुळे आतल्या शिट्टीला मोकळं रान मिळालं होतं. काही महिन्यांपूर्वी तिला जबर सर्दी झाली होती. सर्दी उतरली, शिट्टी राहिली. घरातला फ्रिज, चार्जर, शेजाऱ्यांचा पंप, सगळ्यांवर आळ घेऊन झाला. तरी भाजी चिरताना, लंगोट वाळत घालताना ती थबकून बघायचीच: आहे का अजून? असायचीच. त्या शिट्टीखाली एखाद्या दिवशी लेकीचं रडणं बुडून गेलं तर, या एका धास्तीने ती इथवर आली होती.

लेक काचेपलीकडे सासूबाईंच्या मांडीवर होती. तिने डोळे गच्च मिटले, नाक मुरडलं आणि भलंमोठं तोंड उघडलं. आवाज नाही. नुसती शिट्टी.

ती उठलीच. हेडफोनची वायर ताणली गेली, बटण खाली लोंबकळलं, जड दार खांद्याने रेटून ती बाहेर आली.

"काय झालं? का रडतेय ही?"

"रडतेय कुठं? जांभई दिली पोरीने," सासूबाई म्हणाल्या. "आता तिने जांभईही विचारून द्यायची का?"

तपासणी पुन्हा पहिल्यापासून झाली. मग डॉक्टरांनी आलेखावरून पेन फिरवलं. "बाळ नक्की ऐकू येईल तुम्हाला. शेजाऱ्यांचंसुद्धा. फक्त वरचे सूर जरा कमी पडलेत."

"मग शिट्टी जाईल ना?"

"नवीन होती तेव्हा म्हटलं असतं, बहुतेक जाईल. इतके महिने मुक्काम झाला की सहसा हलत नाही. असं बघा, कानाकडून सूर कमी येतात, म्हणून मेंदू आपल्या बाजूने आवाज वाढवून बघतो. त्यातून ही शिट्टी. त्यात तुम्ही सारख्या बघायला जाणार, आहे का, आहे का. मेंदूला वाटतं, बाईंना हे फार महत्त्वाचं दिसतंय, जपून ठेवू या."

"पोरीचंही हेच करते," सासूबाईंनी संधी सोडली नाही. "झोपली की नाकाशी बोट धरून बघायचं. मग ती उठते. मग ही सगळ्यांना सांगते, झोपतच नाही."

तिचे डोळे भरून आले. "म्हणजे जन्मभर?"

"असेल. पण जाणवेलच असं नाही. अगदी शांत खोलीत बसू नका, पंखा चालू ठेवा आणि तपासायला जाऊ नका. दुर्लक्ष करायला शिका."

दुर्लक्ष! आजवर तिने दुधाकडेसुद्धा कधी दुर्लक्ष केलं नव्हतं.

"अगं, एवढं काय त्यात," सासूबाईंचा आवाज मऊ झाला. "मला नाही का शिट्टी? तुझ्या नवऱ्याच्या वेळच्या बाळंतपणापासून आहे. उजव्या कानात."

"आणि कधी बोलला नाहीत, आई?"

"बोलायचं काय? कामाच्या रगाड्यात कोण ऐकत बसतंय. विसरूनसुद्धा गेले मी."

तिने पटकन डोळे पुसले. इतकी वर्षं आणि विसरूनसुद्धा? मग तिला राहवेना. "आत्ता येतेय?"

"आत्ता?"

सासूबाईंनी मान कलती केली. डॉक्टरांचं पेन थांबलं. लेकही आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. आजीचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

त्यांनी नातीला सुनेच्या हातात दिलं आणि करंगळी कानात घालून गदागदा हलवली.

"इतकी वर्षं गुपचूप निजली होती," त्या म्हणाल्या. "तू उठवलीस. आता तूच निजव."